कोळशाच्या मुलखातलं ऊन

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून होणाऱ्या गोटमारीमुळे ही नावं वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत येतात, नंतर कुणाला त्यांची आठवण राहत नाही. एरवी हा मुलूख संत्र्याचा, कपाशीचा आणि तुरीचा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. घरातली मराठी मात्र कुठे गेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला.

नकाशा उघडून सावरगाववर बोट ठेवलं की एक गोष्ट ध्यानात येते. उत्तरेला बैतूल जिल्ह्यात सारणीचं औष्णिक वीजकेंद्र. ईशान्येला पेंच आणि कन्हान खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी. आग्नेयेला नागपूरच्या वेशीवर कोराडी आणि खापरखेडा ही वीजकेंद्रं. तिन्ही बाजूंनी कोळसा. आणि डोक्यावर ऊन, तेही कसं? अक्षांश साडेएकवीसच्या आसपास असल्यामुळे मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैत सूर्य इथे अगदी माथ्यावर येतो. निरभ्र दिवशी भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट इतकं ऊन पडतं. पावसाळा धरूनही वर्षाची सरासरी दिवसाला, चौरस मीटरमागे, पाच युनिटांच्या जवळपास जाते.

कोळसा आणि ऊन यांचं भांडण जुनं आहे. उन्हाच्या उष्णतेवर चालणारी यंत्रं जगात अडीचशे वर्षं बनत आली आहेत. ती चालली नाहीत म्हणून टाकून दिली, असं फार क्वचित घडलं. बहुतेक वेळा शेजारचं इंधन स्वस्त झालं. नाहीतर घरातल्या बाईच्या दिवसात ते यंत्र कुठे बसेल याचा विचारच कुणी केला नव्हता. या गोष्टीचा एक फार महत्त्वाचा तुकडा आपल्या मुंबईत घडला, आणि मराठी वाचकाला तो जवळजवळ माहीतच नाही.

दिवाळीपासूनच सुरुवात करू. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी उरकायचं, म्हणजे कडकडीत पाणी पहाटे चारला तयार हवं. पऱ्हाटी-तुराटीच्या या पट्ट्यात ते काम चुलीवरच्या हंड्यानं केलं. ज्यांची ऐपत होती त्यांच्या न्हाणीत तांब्याचा बंब आला. बंब ही अतिशय अक्कलहुशारीची वस्तू आहे. बाहेरून तो साधा उभा पिंप दिसतो. पण त्याच्या पोटातून खालच्या जाळीपासून वरच्या तोंडापर्यंत एक नळी जाते. विस्तव जाळीवर, धूर नळीतून वर, आणि पाणी नळीच्या चोहोबाजूंनी. म्हणजे आगीला पाण्यानं वेढलेलं असतं. तिची ऊब बाहेर पडायच्या आधी पाण्यातून जाते. तोटीखाली बादली धरायची, वरच्या तोंडातून थंड पाणी ओतायचं, की तितकंच गरम पाणी खाली येतं. उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा बंबाला जळतण पुष्कळ कमी लागतं. तरीही ते लागतंच, आणि ते वेचून, मोळ्या बांधून, सुकवून, पावसापासून झाकून ठेवायचं काम बायकांचंच.

उन्हानं पाणी तापवण्याची कल्पना यापेक्षा अवघड नाही. काळा रंग ऊन शोषतो. काचेतून ऊन आत येतं, पण तापलेल्या वस्तूची उष्णता काच तितक्या सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ साली काचेच्या पेट्या एकात एक बसवून हे मोजून पाहिलं. आतलं तापमान उकळत्या पाण्याच्या जवळ गेलं, आणि पुढे नीट वेष्टण केलेल्या पेटीत त्याहूनही वर. १८३०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेत दुर्बीण घेऊन बसले होते, तेव्हा त्यांनी अशाच पेटीत अंडी आणि मांस शिजवलं. म्हणजे सोलर कुकर हा काही कालपरवाचा शोध नव्हे.

आता कुलाबा. १८७८ साली मुंबई हायकोर्टाची आजची दगडी इमारत पुरी होत आली होती, आणि त्याच हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार असलेले विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मिडल कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात आरसे मांडत होते. पेशानं ते इंजिनिअर नव्हते. त्यांना सतावत होता तो जळणाचा प्रश्न. हिंदुस्थानात लाकूड झपाट्यानं संपत होतं, कोळसा महाग पडत होता, आणि ऊन तर फुकट सांडत होतं. अशा देशात वाफेचं इंजिन उन्हावर का चालू नये?

फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो हे गणिताचे शिक्षक १८६० सालापासून याच प्रश्नाच्या मागे होते. त्यांचा आरसा म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या धातूचा एक मोठा शंकू. अ‍ॅडम्स यांना त्यातल्या अडचणी दिसल्या. असा आरसा महाग पडतो, चांदी काळवंडते, आणि एका आकाराच्या पुढे तो मोठा करता येत नाही. त्यांनी साधे, सपाट, बाजारात मिळणारे काचेचे आरसे घेतले, १७ इंच लांब आणि १० इंच रुंद. एका आरशानं फार काही होत नाही. पण सगळ्या आरशांचं ऊन एकाच जागी पाडलं की त्या जागेची भट्टी होते. शेवटी त्यांनी असे ७२ आरसे अर्धवर्तुळाकार चौकटीवर बसवले आणि ती चौकट मध्ये ठेवलेल्या बॉयलरभोवती सूर्य सरकेल तशी सरकवता येईल अशी सोय केली. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालला, आणि पंधरवडाभर तो लोकांना चालताना पाहायला मिळाला.

मी या यंत्राजवळ मुद्दाम थांबतो. सौर मनोऱ्याच्या आजच्या वीजकेंद्रांत जमिनीवर हजारो सपाट आरसे असतात आणि त्यांचं ऊन मध्यभागी उभारलेल्या मनोऱ्यावरच्या बॉयलरवर पडतं. त्या रचनेचं बीज कुलाब्याच्या त्या आवारात आहे. एका मोठ्या वक्र आरशाऐवजी पुष्कळ छोटे सपाट आरसे घ्या, आणि यंत्र मोठं करायचं असेल तर आरसे वाढवा, ही अ‍ॅडम्स यांची कल्पना.

त्यांनी स्वयंपाकाचंही यंत्र केलं होतं. आरशांचा अष्टकोनी द्रोण, मधोमध तांब्याचं भांडं, भांड्यावर काचेचं झाकण. सात शिपायांचा शिधा, मांस आणि भाज्या, त्यात दोन तासांत शिजला, तोही मुंबईतल्या सगळ्यात थंड महिन्यात, जानेवारीत. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’नं १८७८च्या जूनमध्ये त्याची बातमी छापली. अ‍ॅडम्स यांनी आपल्या प्रयोगांवर मुंबईतच एक पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ससून इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. पुढे काय झालं? लोहमार्ग पसरले, देशातला कोळसा खाणीतून निघून स्वस्तात शहरापर्यंत पोचू लागला, आणि आरसे कुणाला आठवले नाहीत. छिंदवाड्याच्या पेंच खोऱ्यात विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात खाणकाम सुरू झालं. सावरगावकराला उन्हाच्या यंत्राची गरज पडण्याआधीच दारात कोळसा आलेला होता.

जगात इतरत्रही हेच घडत होतं. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात मूशो यांनी उन्हावर चालणाऱ्या यंत्रातून बर्फाची लादी काढून दाखवली. लोक थक्क झाले. काही वर्षांतच फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झाला, सरकारचा पैसा आटला आणि ते गणिताकडे परत गेले. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये पाणी तापवणाऱ्या ‘क्लायमॅक्स’ यंत्राचं पेटंट घेतलं. काळ्या टाक्या, वर काच, बस्स. संध्याकाळपर्यंत पाणी छान गरम. रात्रीतून ते गार. पहाटे अंघोळ करणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

हे कोडं १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विल्यम बेली यांनी सोडवलं. त्यांनी तापवायची जागा आणि साठवायची जागा वेगळी केली. काचेखाली नळ्या; त्यांच्याहून उंचावर, जाड वेष्टण केलेली टाकी. गरम पाणी हलकं असल्यामुळे आपसूक वर टाकीत चढतं, टाकीतलं थंड पाणी खाली नळ्यांत उतरतं, आणि ऊन असेपर्यंत हा फेरा पंपाशिवाय चालतो. ऊन गेलं की फेरा थांबतो आणि टाकीतलं पाणी रात्रभर गरम राहतं. यंत्राचं नावच होतं ‘डे अँड नाइट’. आपल्या गच्चीवर आज दिसतो तो सोलर वॉटर हीटर याच घराण्यातला. काल दुपारच्या उन्हानं आज पहाटेचं अभ्यंगस्नान होतं ते बेलींच्या त्या एका फेरबदलामुळे. पण लॉस एंजेलिसजवळ नैसर्गिक वायू सापडला, तो स्वस्तात घरोघरी गेला, आणि बेलींची कंपनी पुढे गॅस हीटर विकू लागली.

इजिप्तमध्ये, कैरोजवळच्या मआदी इथे, फ्रँक शूमन यांनी १९१३ साली पन्हाळीसारख्या वाकवलेल्या आरशांच्या पाच रांगा उभ्या केल्या. एकेक रांग ६२ मीटर लांब. त्यांच्या वाफेवर नाईलचं पाणी शेतात चढलं. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं पांगली, आणि युद्धानंतर जगाला खनिज तेलाची चटक लागली. शूमन आणखी वीस वर्षं जगते तर काय झालं असतं, असा विचार मनात येतो खरा. पण स्वस्त तेलापुढे एकटा माणूस कितीसा टिकणार?

स्वतंत्र भारतात या विषयाला पुन्हा हात लागला तो स्वयंपाकाच्या बाजूनं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमच्या परवलयी (पॅराबोलिक) तबकडीची सौरचूल बनवली. गाजावाजा पुष्कळ झाला, खप काही झाला नाही. बाईनं भर उन्हात उभं राहून दर थोड्या वेळानं तबकडी फिरवायची आणि डोळे दिपवणाऱ्या त्या ठिपक्यात भांडं ढवळायचं, हे कुणाच्या घरात चालणार होतं?

१९८०च्या दशकात सरकारनं पेटीचा कुकर पुढे आणला. १९८१-८२पासून त्यावर अनुदान मिळू लागलं, १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचं खातं निघालं, महाराष्ट्रात १९८५ मध्ये ‘मेडा’ ही ऊर्जा विकासाची संस्था आली. त्या काळात पुण्या-नागपूरच्या नोकरदार घरांच्या गच्चीवर हा कुकर दिसायचा. सुटकेसएवढी पेटी, आत काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पत्र्याखाली काचलोकर, वर दोन काचांचं झाकण, झाकणाच्या आत आरसा. चार डबे, तेही बाहेरून काळे. सकाळी नऊ-साडेनऊला डाळ-तांदूळ लावून पेटी उन्हात ठेवली की साडेबारापर्यंत शिजून तयार. वरण तळाला लागत नाही, दूध उतू जात नाही, भाजलेले शेंगदाणे एकसारखे होतात. पदार्थाच्या चवीबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार वेळेची होती. आपल्याकडे डबे सकाळी आठच्या आत भरायचे असतात. शेतावर जाणाऱ्याची भाकरी त्याहून आधी बांधून द्यावी लागते. रात्रीचं जेवण दिवे लागल्यावर. म्हणजे घरातल्या दोन मुख्य स्वयंपाकांपैकी एकही उन्हाच्या वेळेत येत नाही. त्यात भाकरी-पोळी पेटीत होत नाही, फोडणी देता येत नाही. मग हा कुकर कुणाच्या उपयोगी? दुपारी घरी असणाऱ्याच्या. आणि दुपारी गावातली बाई बहुधा शेतात मजुरीला गेलेली असते. यंत्र बनवणाऱ्यांनी तापमान अचूक मोजलं, पण घराचं घड्याळ पाहिलं नाही. हा दोष उन्हाच्या माथी मारणं बरोबर नाही.

याच काळात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत एक वेगळा प्रयोग झाला, त्याची नोंद इथे घ्यायलाच हवी. फ्लोरिडाहून सौर उष्णतेचा अभ्यास करून १९८१ मध्ये परतलेले डॉ. अनिल राजवंशी यांनी गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल काढण्यासाठी सपाट सौरपट्ट्यांच्या उष्णतेवर चालणारा ऊर्ध्वपातनाचा प्रकल्प उभा केला. दारू गाळायला आग लागते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. तिथे गच्चीवरच्या गरम पाण्यानं काम भागवलं. ज्वारीच्या मुलखात ज्वारीचंच इंधन आणि ते गाळायला तिथलंच ऊन, ही जोडणी मला अजूनही फार मोलाची वाटते.

घरात जे जमलं नाही ते मोठ्या स्वयंपाकघरांत आणि कारखान्यांत जमलं. का, हे पाहायला शिर्डी संस्थानाच्या प्रसादालयाकडे जावं लागतं. जुलै २००९ मध्ये त्याच्या छतावर ७३ तबकड्यांची यंत्रणा सुरू झाली. एकेक तबकडी १६ चौरस मीटरची. दिवसाला साडेतीन हजार किलो वाफ देण्याची तिची क्षमता आणि हजारो भाविकांचा भात-वरण-भाजी त्या वाफेवर. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये. त्यात केंद्राचं अनुदानही होतं.

ही तबकडी वोल्फगांग शेफलर यांची. पहिली त्यांनी १९८६ मध्ये उत्तर केनियात बसवली. तिची खुबी समजून घेण्यासारखी आहे. साधी परवलयी तबकडी सूर्याकडे वळवली की तिचा केंद्रबिंदूही तिच्याबरोबर फिरतो, म्हणजे चूलच फिरते. शेफलरांनी परवलयाचा मधला भाग न घेता एका कडेचा तुकडा घेतला आणि तो पृथ्वीच्या आसाशी समांतर असलेल्या दांड्यावर फिरवला. त्यामुळे दिवसभर तबकडी फिरते, केंद्र मात्र जागचं हलत नाही. तिथे बॉयलरचं तोंड पक्कं बसवता येतं, आणि स्वयंपाकी आत सावलीत उभा राहतो. दिवसभराचं फिरणं घड्याळासारखी यंत्रणा सांभाळते. ऋतूप्रमाणे सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो, त्यासाठी मात्र दर दोन-तीन दिवसांनी माणसानं जाऊन चौकटीचा बाक थोडा बदलावा लागतो, म्हणजे तबकडीचा आकारच किंचित बदलतो. आरशांवर धूळ बसली की वाफ घटते, म्हणून ते पुसावे लागतात. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून थांबलेल्या तबकड्या सकाळसाठी पुन्हा पूर्वेकडे आणाव्या लागतात.

या कामांना माणूस लागतो, आणि संस्थानाकडे तो पगारी आहे. शिवाय ही वाफ आधीच्या गॅस-बॉयलरच्या नळांनाच जोडलेली. ढग आले की बॉयलर पेटतो, भात अडत नाही. जेवणाची गर्दीही भर दुपारची. पेटीच्या कुकरला ज्या तिन्ही गोष्टींनी मारलं त्या इथे अनुकूल पडल्या: वेळ जुळली, पर्याय हाताशी होता, आणि देखभालीला नेमलेला माणूस होता. अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या स्वयंपाकघरात आणि तिरुमलाच्या अन्नदानातही अशाच तबकड्या आधीपासून होत्या, त्यामागचं कारणही हेच.

लातूरच्या महानंद डेअरीत तर स्वयंपाकाचा संबंधच नव्हता. आयआयटी मुंबईचे प्रा. शिरीष केदारे आणि क्लिक डेव्हलपमेंट्स ही कंपनी यांनी ‘अरुण’ नावाची १६० चौरस मीटरची एकच प्रचंड तबकडी २००५-०६च्या सुमारास तिथे उभी केली. तिला एकमेव वक्र आरसा नाही. पुष्कळ छोटे सपाट आरसे एका चौकटीवर असे बसवलेत की सगळ्यांचं ऊन एका ठिकाणी पडतं. अ‍ॅडम्स यांचीच वाट, सव्वाशे वर्षांनी. दूध पाश्चराइझ करायला ते ७२ अंशांवर पंधरा सेकंद धरावं लागतं. त्या उष्णतेसाठी डेअरी फर्नेस ऑइल जाळत होती; तबकडीनं त्यातला वाटा उचलला. दूध सकाळ-संध्याकाळ येतं आणि ऊन दुपारी असतं; म्हणून दाबाखालच्या गरम पाण्यात उष्णता साठवून ठेवायची सोयही तिथे केलेली होती. इथे घड्याळाकडे नीट पाहिलेलं दिसतं.

धुळ्याचे प्रा. अजय चांडक यांनी याहून लहान, ‘प्रिन्स’ नावाच्या तबकड्या बनवल्या, ज्या वसतिगृहाला किंवा मोठ्या कुटुंबाला परवडतील. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

आता पुन्हा न्हाणीघरात. घरात टिकलेलं उन्हाचं एकमेव यंत्र म्हणजे सोलर हीटर, आणि तो टिकला कारण तो रोज काही मागत नाही. तबकडी फिरवायची नाही, वेळ बदलायची नाही. तोटी उघडली की पाणी गरम. इस्रायलमध्ये हॅरी त्सवी ताबोर यांनी १९५०च्या दशकात ऊन भरपूर शोषणारा आणि उष्णता फारच थोडी सोडणारा खास काळा थर शोधला, आणि १९८० साली तिथे नव्या घरांवर सोलर हीटर सक्तीचा झाला. आपल्याकडे पुणे महापालिका सोलर बसवणाऱ्याला मालमत्ता करात सूट देते. राष्ट्रीय सौर मिशननं २०१० मध्ये अशा संग्राहकांचं २०२२ सालचं लक्ष्य दोन कोटी चौरस मीटर ठेवलं होतं. २०१४ मध्ये हीटरवरचं अनुदान बंद झालं आणि उत्साह ओसरला.

शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साडेचार-पावणेपाच युनिट उष्णता लागते. दोन चौरस मीटर काचेवर पडणाऱ्या दिवसभराच्या उन्हातून ती मिळते. तेच पाणी विजेच्या गिझरवर तापवलं तर? कोराडीला किंवा सारणीला कोळसा हजार अंशांहून अधिक तापमानाला जळतो, त्यातून पाचशे अंशांच्या पुढची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते. या खटाटोपात कोळशातल्या उष्णतेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग धुराड्यातून आणि थंडाव्याच्या मनोऱ्यांतून वाया जातो. उरलेली वीज तारांतून गळत-गळत सावरगावला येते आणि न्हाणीत पाणी साठ अंशांवर आणते. शंभर लिटरला तीन-सव्वातीन किलो कोळसा. हजार अंशांची आग साठ अंशांच्या कामाला जुंपणं ही उधळपट्टी आहे, आणि आपण ती रोज पहाटे घरोघरी करतो. याबद्दल मला मनापासून राग येतो, कारण त्या राखेचे ढीग कोराडीच्या आणि सारणीच्या शेजारच्या माणसांच्या अंगणात पडतात.

सोलरवाल्यांच्या अडचणी खऱ्याच आहेत, त्या झाकायच्या नाहीत. बोअरचं पाणी जड. दोन-तीन वर्षांत तांब्याच्या नळ्यांत क्षार बसतो आणि फेरा मंदावतो. काचेच्या निर्वात नळ्यांना क्षाराचा त्रास कमी, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट इथल्या संत्र्याचा बहार झोडपते ती या नळ्यांनाही सोडत नाही. पट्टी दक्षिणेकडे तोंड करून साधारण तीस अंशांच्या उताराला बसवावी लागते, म्हणजे थंडीतलं तिरपं ऊन पूर्ण मिळतं. घाईत बसवणारे गच्चीच्या सोयीनं ती कशीही ठेवतात आणि डिसेंबरात पाणी कोमट येतं. मग नाव उन्हाचं खराब होतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आणखी एक स्पर्धक आला, आणि तोही सूर्याचाच. सौरविजेच्या पॅनेलची किंमत इतकी उतरली की उष्णतेसाठीही लोक वीजच वापरू लागले. सावरगावच्या शेजारच्याच बैतूल जिल्ह्यात बाचा हे आदिवासी गाव आहे. आयआयटी मुंबईनं तयार केलेल्या रचनेप्रमाणे २०१८च्या अखेरीस तिथल्या सत्तरहून अधिक घरांत पॅनेल, बॅटरी आणि विजेची शेगडी बसली. तिथे स्वयंपाक घराच्या आत, उजेड असो वा अंधार, बाईच्या वेळेला होतो. पेटीच्या कुकरला जे जमलं नाही ते या शेगडीनं केलं, हे मान्य केलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आल्यापासून तर गच्चीवरची जागा पॅनेलनं बळकावायला सुरुवात केली आहे.

तरी हिशेब मांडून पाहावा. पॅनेल उन्हातला सुमारे पंचमांश भागच विजेत बदलतं. पाणी तापवणारी पट्टी अर्ध्याच्या आसपास उष्णता देते. तितक्याच जागेत अडीचपट काम. ज्याला फक्त गरम पाणी किंवा गरम हवा पाहिजे त्याला वीज मध्ये घालायची गरज काय? जगात माणूस जितकी ऊर्जा शेवटी वापरतो त्यातली जवळपास निम्मी उष्णतेच्या रूपात वापरतो, आणि तिच्यातला मोठा भाग शंभर-दीडशे अंशांच्या आतला असतो. सौंसर तालुक्यात बोरगावला १९९१पासून रेमंडची कापड गिरणी आहे. कापड धुवायला, रंगवायला गरम पाणी लागतंच. संत्र्याची साल, मिरची, कांदा, आलं वाळवायला पन्नास-साठ अंश पुरतात. आंबेजोगाईकडचे वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत असताना सौर वाळवणी यंत्र बनवलं. त्यांच्या ‘एस फोर एस’ कंपनीनं ते छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या बायकांच्या हाती दिलं, आणि २०२३ मध्ये या कामाला अर्थशॉट पारितोषिक मिळालं. काळा पत्रा, वर काच, आत हवा खेळती. सोस्यूरच्या पेटीचीच नात. यातून शेतावर सडून जाणारा माल दुपारी घरच्या अंगणात वाळतो, आणि दुपार ही इथे अडचण ठरत नाही. मृगबहाराची फळं पिकतात त्या फेब्रुवारी-मार्चात सौंसर-पांढुर्ण्यात उन्हाची कमतरता नसते. फळ गळून पडतं, बाजारभाव कोसळतो, तेव्हा साल आणि गर वाळवून ठेवणारी अशी यंत्रं या पट्ट्यात गावोगाव असायला हवीत.

यासाठी नवं संशोधन लागणार नाही. केंद्रानं २०१५ मध्ये ‘सूर्यमित्र’ योजनेतून सौरविजेचे कारागीर तयार करायला सुरुवात केली. ते तार जोडतात, पॅनेल बसवतात. नळ जोडणारा, क्षार काढणारा, पट्टीचा उतार मोजून लावणारा, आरसा पुसून त्याचा बाक बदलणारा माणूस त्या शिकवणीत कुठे आहे? नव्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये सहा महिन्यांचा असा एक वर्ग सुरू झाला, आणि त्यात शिकलेल्या मुलांकडे गावातल्या शाळा, वसतिगृहं, दूध संकलन केंद्रं आणि संत्र्याच्या वखारी दरवर्षीच्या देखभालीच्या कराराने सोपवल्या, तर सोलर बसवून दोन वर्षांत भंगारात जायचं थांबेल. ही मागणी भोपाळला मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगमाकडे करायची आहे. मराठीत लिहून पाठवली तरी हरकत नाही. या जिल्ह्यातून गेलेला अर्ज मराठीत असणं साहजिकच आहे.